सत्तावीस किलो चारशे ग्रॅम : एका घडीच्या ई-सायकलचं प्रकरण

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी दापोलीहून मावशीचा फोन आला. काका घराच्या ओट्यावर उताणे पडलेले आणि नवी सायकल अर्धी डिकीत, अर्धी बाहेर. "अरे, ह्यांना उठवत नाहीये आणि डिकी लागत नाहीये. आधी काय करू?"

आधी काकांना पडल्या जागीच पडू दे, सायकलखाली उशी सार आणि शेजारच्या घरातून कुणाला तरी बोलाव, असं सांगितलं. सायकल दोन गड्यांनी उतरवली. तिथल्या डॉक्टरांनी काकांना तपासलं, पायात मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, कमरेचा स्नायू दुखावलाय, दहा दिवस आराम करा म्हणाले. थोडक्यात निभावलं. 'थोडक्यात' एवढ्यासाठी की काकांच्या मणक्याच्या चकतीची शस्त्रक्रिया आधीच झालेली आहे आणि ते ६७ वर्षांचे आहेत. मावशी ६२ वर्षांची, उंची पाच फूट एक इंच. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोटही काळंनिळं झालं होतं, पण ते तिने दोन दिवसांनी सांगितलं.

मी चाकणजवळच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात बावीस वर्षं काढली. कोण काय उचलतो, किती वेळा उचलतो, कुठून कुठे ठेवतो याचे तक्ते भरण्यात हयात गेली. त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आलं ते नात्याने, आणि थोडं धंद्यानेही.

सायकल कशासाठी, आणि एवढी जड का

दोघांचं दापोलीजवळ वडिलोपार्जित घर आहे. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड असं महिन्या-दीड महिन्यातून जातात. घरापासून समुद्र तीन किलोमीटर, पण जाताना सगळा उतार आणि येताना सगळा चढ. साध्या सायकलने मावशीचं परतणं होत नव्हतं. म्हणून मोटर लावलेली सायकल, आणि ती गाडीत मावावी म्हणून घडीची. यात चुकीचं काहीच नाही. २५० वॉटची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा, त्यामुळे नोंदणी नाही, लायसन्स नाही. कल्पना उत्तम होती.

सायकलीच्या माहितीपत्रकात वजन २४ किलो लिहिलं होतं. मी पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा ती वजनकाट्यावर चढवली. पुढचं चाक काट्यावर, मागचं तेवढ्याच उंचीच्या पाटावर, मग उलट. पुढे १०.६, मागे १६.८, एकूण २७.४. माहितीपत्रकातलं वजन बॅटरीशिवायचं होतं आणि मागचं कॅरिअर, मडगार्डही त्यात धरलेले दिसत नाहीत. हे सर्रास चालतं. घेणाऱ्याने दुकानात काटा मागावा, लाजू नये.

साधी घडीची सायकल बारा-तेरा किलोंची असते. लंडनची ब्रॉम्प्टन कंपनी बॅटरीवाली घडीची सायकल बनवते, तीसुद्धा सोळा-सतरा किलोंच्या आसपास. मग हिच्यात वरचे दहा किलो आले कुठून? मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेली मोटर, ३६ व्होल्ट १४ अँपिअर-अवरची बॅटरी (एकटी ३.१ किलो), चार इंच रुंदीचे जाडजूड टायर आणि त्यांच्या तितक्याच जाड ट्यूब, पुढचा स्प्रिंगचा फोर्क, लोखंडी कॅरिअर. शिवाय घडीची म्हणून सांगाड्याच्या मधोमध बिजागरी, आणि बिजागरीपाशी नळी कमजोर पडू नये म्हणून तिथे जादा धातू. म्हणजे घडी करता यावी यासाठीसुद्धा वजन मोजावं लागतं. जाड टायर वाळूत चालवायला छान म्हणून घेतले होते. वाळूत सायकल आजवर एकदाच गेली आहे, आणि तीही हातात धरून.

नेमकं काय घडलं

पुण्यात चढवताना अडचण आली नव्हती, कारण सोसायटीचा वॉचमन आणि तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा होते. दोघांनी 'हां, घ्या' म्हणून उचलली आणि डिकीत ठेवली. काका मावशीला म्हणाले, "बघ, काही जड नाही."

दापोलीत दोघंच होते. गाडी साधी हॅचबॅक. तिच्या डिकीचा उंबरठा जमिनीपासून ७१ सेंटीमीटर. आतला तळ मात्र उंबरठ्यापेक्षा १७ सेंटीमीटर खाली, म्हणजे डिकी ही एक खोलगट पेटी आहे. कागदावर ती जागा लिटरमध्ये छान दिसते, पण जड वस्तू बाहेर काढायची तर ती आधी त्या खड्ड्यातून वर घ्यावी लागते आणि मग उंबरठा ओलांडावा लागतो. काका वाकले, दोन्ही हात लांब करून आत घातले आणि मोटरच्या बाजूने धरलं. मावशीने बिजागरीच्या बाजूने. तिच्या वाट्याला नऊ-दहा किलो आले असतील, त्यांच्या वाट्याला अठराच्या आसपास. 'दोघांनी मिळून उचललं' म्हणजे निम्मं निम्मं, असा आपला समज असतो. मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलीच्या बाबतीत तो साफ खोटा आहे.

सायकल उंबरठ्यावर आली आणि घडी उघडायला लागली. दोन चाकांना जवळ धरून ठेवायला एक लहानसा लोहचुंबक असतो. तो सायकल जमिनीवर उभी असेपर्यंत ठीक, आडवी लोंबकळायला लागली की त्याच्याने काही होत नाही. पुढचा अर्धा भाग दारासारखा फिरला, मावशीचं बोट बिजागरीत सापडलं, तिने हात सोडला, काकांनी सगळं वजन सावरण्यासाठी कंबर वळवली. पुढचं सांगितलंच.

गणित

अमेरिकेत नायॉश ही कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे. तिने १९९१ साली सुधारलेलं एक सूत्र जगभरच्या कारखान्यांत वापरलं जातं. मीही ते हजारदा वापरलं. सुरुवात २३ किलोंपासून होते. वस्तू अंगालगत, धरायला चांगली, कंबरेच्या उंचीवर, न वळता, क्वचित उचलायची असेल, तर निरोगी कामगाराने इतकी उचलायला हरकत नाही. मग जे जे बिघडतं त्याचा गुणक लावून हे २३ खाली आणायचे. हात घोट्यांपासून २५ सेंटीमीटरवर असतील तर पूर्ण गुण. ५० सेंटीमीटरवर गेले की सरळ निम्मे.

सायकल जमिनीवरून उंबरठ्यावर नेताना हात साधारण ५० सेंटीमीटर पुढे असतात, कारण मध्ये बंपर आणि स्वतः सायकल असते. धरायला नीट जागा नाही, ७१ सेंटीमीटर वर न्यायचं आहे. सगळे गुणक लावून उत्तर आलं ८ किलो. आणि उचलायचे होते २७.४.

आता काकांनी केलं ते गणित. डिकीच्या खड्ड्यात हात घातल्यावर ते घोट्यांपासून ६८ सेंटीमीटरवर होते. मी त्यांना तसं उभं करून टेप लावून बघितलं, अर्थात सायकल नसताना. या सूत्रात हात ६३ सेंटीमीटरपलीकडे गेले की गुणक शून्य होतो. शून्याने गुणल्यावर उत्तर शून्य. त्या जागेवरून सायकल सोडा, नारळसुद्धा उचलू नये, असं ते सूत्र म्हणतं.

काकांना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "अहो जावईबापू नाहीस तू माझा, एवढं शून्य काढून दाखवायला." माझ्यावर चिडले की ते असे 'अहो'वर येतात. पण पुढे चर्चा वजनाची राहिली नाही, अंतराची झाली, आणि तिथून प्रकरण सुटायला लागलं.

एक गोष्ट मला इथेच मांडायची आहे, कारण घडीच्या सायकली घेणाऱ्यांचा हमखास गैरसमज तिच्यात आहे. सायकलची घडी होते ती *मावायला*. उचलायला घडी केलेली सायकल उघड्या सायकलीपेक्षा वाईट. उघडी सायकल लांबट आणि पातळ असते, तिला अंगालगत घेता येतं, सीटखाली आणि हँडलखाली धरायला जागा असते. घडी केली की ८८ सेंटीमीटर लांब, ६८ उंच आणि ४५ जाड असं गाठोडं होतं. त्याचं वजन एका टोकाला, धरावं तिथे एक तर तेलकट चेन नाही तर टोकदार पॅडल, आणि वर ते मधूनच उघडणारं. 'घडीची आहे, म्हणजे न्यायला सोपी' हे वाक्य दुकानदार बोलतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण गाठोडं कोण उचलणार हे तो विचारत नाही.

जे जमलं नाही

माझा पहिला उपाय कारखान्यातला होता, फळी. सहा फुटी, म्हणजे १८० सेंटीमीटरची फळी ७१ सेंटीमीटरच्या उंबरठ्याला लावली की चढ साधारण २३ अंशांचा येतो. बॅटरी काढल्यावर २४.३ किलोंची सायकल ढकलायला साडेनऊ-दहा किलोंचा जोर पुरतो. शाळेतल्या उतरणीच्या धड्यासारखं चोख. मावशीने एकटीने सायकल वर चढवली आणि ती डिकीच्या वरच्या चौकटीला अडली. डिकीचं तोंड ६२ सेंटीमीटर उंच, सायकल ६८. बावीस वर्षं मोजमापावर पगार घेतलेल्या माणसाने उघड्या डिकीची उंची मोजली नव्हती. मावशी काही बोलली नाही. फळीवर उभ्या सायकलला धरून, मान वळवून नुसती बघत राहिली.

शिवाय घडी केल्यावर दोन चाकं एका रेषेत चालत नाहीत, सायकल फळीच्या कडेला जाते. उतरवताना तर आपण खाली आणि चोवीस किलो वरून आपल्याकडे येणार. फळी बाद.

गाडीच्या मागे पट्ट्यांनी टांगायचे सायकल-रॅक मिळतात. त्यातले बरेच एका सायकलला १५ किलोंच्या हिशेबाने केलेले असतात, आणि मागची नंबरप्लेट झाकते ते वेगळंच. टपावर ठेवायची तर डोक्यावर २७ किलो उचलावे लागतील. त्याचा विचार चहा संपायच्या आत संपला. सायकल विकून हलकी घ्यावी हा काकांच्या मुलाचा सल्ला होता, तो व्हिडिओ कॉलवरून दिलेला होता.

मार्केट यार्डातला माणूस

दरवर्षी उन्हाळ्यात मावशी वर्षाचे गहू गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून घेते. त्या वर्षी उशीर झाला होता, जूनच्या तोंडावर मी तिच्याबरोबर गेलो. तिथे पन्नाशीतले एक हमाल टेंपोत पोती चढवत होते. त्यांची पोती पन्नास किलोंची. एके काळी तिथे क्विंटलाची पोती असायची; बाबा आढावांच्या हमाल पंचायतीच्या लोकांना विचारलं तर ते वजन खाली आणायला काय करावं लागलं ते सांगतील. महाराष्ट्राचा माथाडी कायदाही १९६९चा, म्हणजे या लोकांनी अंगावर वजन घेऊन मिळवलेला. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका पुरुषाने उचलायची कमाल मर्यादा सुचवली होती ५५ किलो. नायॉशचे २३ आणि हे ५५, दोन्ही कागदांवरचे माणूस वेगळे नाहीत, फक्त कंबरेचा विचार नंतर झाला.

मी बराच वेळ बघत उभा राहिलो. त्या गृहस्थांनी एकही पोतं उचललं नाही. म्हणजे आपण ज्याला उचलणं म्हणतो, जमिनीपासून टेंपोपर्यंत एका दमात, तसं नाही. आधी पोतं उभं केलं. त्याचं तोंड टेंपोच्या फाळक्याला टेकवलं. मग खालच्या टोकाखाली मांडी सारली. मांडी वर आली, पोतं त्याबरोबर वर आलं, आणि अर्ध्याच्या वर आत गेल्यावर तळव्याने नुसतं सारलं. पोत्याचं निम्मं वजन सगळा वेळ टेंपोच सांभाळत होता.

मी त्यांना सायकलचं सांगितलं. त्यांनी मोबाइलमधला फोटो बघितला.

"जड टोक कुठलं?"

"हे, चाकाकडलं."

"मग हलकं टोक आधी टेकवा ना साहेब. सगळं कशाला उचलताय? आणि बाई बुटक्या असतील तर मध्ये काहीतरी घ्या, पायरी. आमच्यात नवी पोरं आली की आधी पायरी देतो."

शेवटी जी पद्धत बसली

पायरी म्हणून मावशीच्या माळ्यावरचा जुना चौरंग निघाला. ३४ सेंटीमीटर उंच, सागवानी, चारही पाय भक्कम. "सत्यनारायणाचा आहे तो," मावशी म्हणाली. मग म्हणाली, "होता."

डिकीच्या खड्ड्याचा प्रश्न आधी सोडवला. १२ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा तुकडा कापून आणला, खाली सोळा सेंटीमीटर उंचीचे दोन लाकडी ठोकळे, मधल्या जागेत कपड्यांच्या बॅगा. तळ उंबरठ्याच्या पातळीला आला. मागची सीट पाडल्यावर तो तिच्याशीही जवळपास जुळतो. प्लायवर सरकावं म्हणून एक फ्लेक्स अंथरला, कुठल्याशा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा, चेहरा खाली करून. उंबरठ्याच्या रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून घडी घातलेलं गोणपाट. या सगळ्याला साडेपाचशे रुपये आणि एक दुपार लागली. माझ्या मते निम्मं काम इथेच झालं होतं, कारण आता बाहेर काढतानाही सायकल कुठूनच *वर* घ्यावी लागत नाही.

मग सायकल. हँडलची दांडी पाडायची, सीट पूर्ण खाली. खटका उघडून घडी घालायची. या सायकलीची बॅटरी मधल्या नळीच्या पोटात आहे आणि घडी केल्याशिवाय ती बाहेरच येत नाही, त्यामुळे 'आधी बॅटरी काढा' हा सरसकट सल्ला इथे चालत नाही. आधी घडी, मग किल्ली, मग बॅटरी. घडी अशी होते की पुढचं चाक मागच्या चाकाच्या डावीकडे येतं आणि चेन उजवीकडे, बाहेर राहते. हे लक्षात ठेवायचं, पुढे लागतं.

आता नवार. पलंगाला विणतात ती, जुन्या बाजेची निघालेली. दोन्ही चाकं आणि सांगाडा मिळून दोन वेढे, आवळून गाठ, आणि कॅरिअरच्या खाली हातात मावेल असा एक फास. घडी उघडायची भीती गेली आणि धरायला मूठ मिळाली. बाजारात यासाठी चिकटपट्टीवाले पट्टे मिळतात, पण नवार ओली झाली तरी घट्ट राहते आणि तळहाताला कापत नाही.

गाठोड्याचं वजन आता २४.३. लोंबत्या काट्याला एकेक टोक अडकवून पाहिलं तर बिजागरीचं टोक ८.१ किलो, चाकांचं टोक १६.२. बिजागरीचं टोक गाडीकडे करायचं. मावशी ते उचलते आणि उंबरठ्यावरच्या गोणपाटावर टेकवते. आठ किलो, म्हणजे गॅसच्या सिलिंडरपेक्षा कितीतरी कमी. इथे एक श्वास. मग ती चाकांच्या टोकाला येते, नवारीचा फास धरते, गुडघे वाकवून टोक वर घेते, आणि काका पायाने चौरंग खाली सारतात. चाकं चौरंगावर. पुन्हा श्वास. आता सायकल दोन ठिकाणी टेकलेली आहे, कुणाच्याही हातात नाही. मला या पद्धतीतला सर्वांत मोलाचा क्षण हाच वाटतो. फोन वाजला, मांजर आलं, पाऊस आला, तरी सोडून जाता येतं.

या उभ्या-तिरक्या अवस्थेत ती डावीकडे कलंडवायची. पुढचं चाक खाली, चेन वर. उलट केलं तर गिअर बदलणारा नाजूक लोखंडी हात खाली येतो आणि सगळं वजन त्याच्यावर. तो एकदा वाकला की गिअर कुरकुरायला लागतात आणि दापोलीत त्याचा माणूस मिळत नाही. मोटरची वायर मागच्या आसापाशी बाहेर येते, तीही चिमटणार नाही हे बघायचं; ब्रेकच्या पातळ चकतीला तळहाताने दाबून ढकलायचं नाही. मग शेवटची उचल, चौरंगापासून उंबरठ्यापर्यंत ३७ सेंटीमीटर. मावशी मांडी लावते. टोक वर येतं तसं ढकलायचं, आणि सायकल जसजशी आत जाते तसतसं हातातलं वजन कमी होत जातं. साधारण दोन-तृतीयांश आत गेली की अचानक हात रिकामे होतात, कारण सायकलचा तोल उंबरठ्याच्या आत गेलेला असतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मावशी हसली. "गेली की रे!"

सूत्रात हे बसवून पाहिलं. ते सूत्र अर्धी उचल-अर्धी ढकल अशा कामासाठी केलेलं नाही, म्हणून आकडा ढोबळ समजा. हात ३५ सेंटीमीटरवर, मूठ चांगली, उचल साधारण ३५ सेंटीमीटरची, तर उत्तर साडेचौदा किलोंच्या आत-बाहेर येतं, आणि मावशी उचलते सोळा. पूर्वी आठ उचलायचे तिथे सत्तावीस होते. सोळा-साडेचौदा हेही माझ्या कारखान्यात मी लाल शाईने लिहिलं असतं, आणि ते आकडे निरोगी कामगारांसाठीचे आहेत, साठीच्या बाईसाठीचे नाहीत. पण ती महिन्यातून चार वेळा उचलते, पाळीत दोनशे वेळा नाही. तिच्या डॉक्टरांना विचारून मगच हे ठरवलं. काकांना मात्र सायकल उचलायची बंदी आहे. त्यांचं काम चौरंग सारणं आणि बोटं कुठे आहेत ते बघणं.

आत गेल्यावर

सुटं ठेवायचं नाही. जोराचा ब्रेक मारला की चोवीस किलोंची सायकल अठरा-एकोणीस किलोंच्या जोराने पुढे येऊ बघते, आणि सीट पाडलेली असल्यामुळे मध्ये फक्त ड्रायव्हरची पाठ असते. ताम्हिणीत तर ब्रेक मारण्याशिवाय दुसरं काही करतच नाही आपण. म्हणून मागच्या सीटचा पट्टा सांगाड्यातून ओवून कुलपात अडकवायचा आणि दुसरीकडून नवार डिकीतल्या कडीला.

बॅटरी वेगळी, टॉवेलमध्ये गुंडाळून पुढच्या सीटच्या मागे जमिनीवर. उन्हात बंद गाडीत ती ठेवायची नाही, आणि तापलेली असेल तर लगेच चार्जिंगलाही लावायची नाही. लिथियमच्या बॅटऱ्या साधारणपणे ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायच्या असतात, आणि मे महिन्यात काचा लावलेल्या गाडीत तो आकडा कधीच मागे पडतो. त्यामुळे माणगावला मिसळ खायला थांबलं की काका बॅटरी भाजीच्या पिशवीत घालून हॉटेलात घेऊन जातात.

त्यानंतर

जुलैपासून नऊ फेऱ्या झाल्या, म्हणजे छत्तीस वेळा चढ-उतार. पहिल्या वेळी अकरा मिनिटं लागली होती, आता चार-पाच. काकांची कंबर ठीक आहे.

दोन अडचणी नंतर आल्या. दापोलीच्या अंगणात जांभा दगड आहे, पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि चौरंग सरकतो. पायांना जुन्या स्लिपरच्या रबराचे तुकडे ठोकले. दुसरी जास्त गमतीची. अंगणाला उतार आहे आणि काकांना गाडीचं तोंड चढाकडे करून लावायची सवय. तशी लावली की डिकी उताराच्या बाजूला येते. मग उतरवताना डिकी उघडली, पट्टा सोडला, की फ्लेक्सवरून सायकल आपणहून बाहेर यायला निघते. ऑगस्टमध्ये तसं झालं, मावशीने वेळेवर मांडी लावली. आता गाडी आडवी लावतात, आणि मागच्या चाकाला दगड.

श्रावणात मावशीने पूजेसाठी नवा चौरंग आणला. जुना गाडीतच असतो. मागच्या महिन्यात माणगावच्या हॉटेलात वेटरने काकांच्या पिशवीकडे बघून विचारलं, "काका, जड आहे का? मी घेऊ?"

"नको," काका म्हणाले. "एवढंच उचलू देतात मला."